चौथ्या प्रकरणाच्या दारात अडलेली कादंबरी

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात राहते. वय ४१, एका पतसंस्थेत कारकून आहे. तीन वर्षांपासून कादंबरी लिहितेय. वडिलांचा खाणीवर टिपर ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला. खाणी बंद झाल्या त्या काळात घरात जे घडलं त्यावर ती बेतली आहे, ती वडिलांची गोष्ट आहे. दोन वह्या, ८४ पानं झाली. पण पहिली तीन प्रकरणं मी अकरा वेळा लिहिली आणि चौथं एकदाही पुरं झालं नाही. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाव विकणाऱ्याचा, हॉर्न वाजायच्या आधी पाऊण तास मिळतो. तेव्हा बसले की आधीचं वाचते, ते कच्चं वाटतं, पुन्हा तेच लिहिते. मोठ्या लेखकांना आतून सुचतं म्हणतात, मला तसं काही होत नाही. दुसरं, घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि मी मराठीत लिहिते. संवाद कुठल्या भाषेत ठेवू? तिसरं, आमचा वाडा म्हणजे लहान वस्ती, लोक स्वतःला ओळखतील याची भीती वाटते. आणि शेवटी, हे कोणी छापेल का? सोबत गोषवारा आणि तीन पानं पाठवते.

उत्तर

तुमची तीन पानं आधी वाचली, पत्र नंतर. त्यांत एका जागी आम्ही थांबलो. खाण चालू असताना आई रोज सकाळी तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसते, कारण रात्रीत त्यांवर लाल धूळ बसलेली असते. खाण बंद होते, पानं हिरवीच राहू लागतात, आणि आई फडकं हातात घेऊन वृंदावनापाशी नुसती उभी राहते. चारच ओळी आहेत. उत्पन्न गेलं, सवय गेली, दिवसाचा पहिला उद्योग गेला, हे सगळं त्यांत एकही मोठा शब्द न वापरता आलंय. ज्याला हे दिसतं त्याला कादंबरी लिहिता येते. तुमची अडचण कामाच्या पद्धतीत आहे आणि ती सुटणारी आहे.

पहिली तीन प्रकरणं अकरा वेळा लिहावीशी वाटतात तेव्हा खोट बहुधा त्या प्रकरणांत नसते. पुढे काय घडायचं ते ठरलेलं नसतं म्हणून हात मागे वळतो, कारण मागचं ओळखीचं असतं. पुष्कळ पहिल्या कादंबऱ्या पाव ते एक तृतीयांश मजकुरापाशी अडतात. सुरुवातीला लेखकाच्या गाठीशी पुष्कळ असतं: गाव, घर, माणसं, हवा, आठवणी. ते मांडता मांडता पन्नास-साठ पानं सहज होतात. ती शिदोरी संपली की कथा पुढे न्यायला कुणाची तरी इच्छा लागते, आणि तीच ठरवायची राहून गेलेली असते.

तुमच्या गोषवाऱ्यात वडिलांशी जोडलेली क्रियापदं पाहा. कर्ज डोक्यावर आलं, खाण बंद झाली, ट्रक उभा राहिला, नोटीस आली, दुखणं मागे लागलं. सगळं त्यांच्यापर्यंत चालत येतं, ते स्वतः कुठे जात नाहीत. मुकाट्यानं सोसणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो, पण तो नुसता सोसतच राहिला तर पुढचं पान उलटायला वाचकाकडे कारण उरत नाही. एक रविवार काढून दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. वडील स्वतःच्या निर्णयानं काही करतात तिथे लाल रेघ, त्यांच्यावर काही येऊन पडतं तिथे निळी. सलग पाच पानं निळी निघाली की कथा तिथे थांबलीय असं समजा. मग एका कोऱ्या पानावर तीन गोष्टी लिहा: या माणसाला कुठल्या तारखेपर्यंत काय मिळवायचंय किंवा काय वाचवायचंय, कोण आड येतंय, आणि प्रयत्न केला तर त्याच्या हातून काय जाईल. ‘त्याला सुख हवंय’ हे उत्तर चालणार नाही. ‘दिवाळीपर्यंत ट्रक विकावा लागू नये’ हे चालेल, कारण ते जमलं की फसलं हे एका विशिष्ट दिवशी कळतं. कर्जाच्या हप्त्याची महिन्याची तारीख तुमच्या हाती आहेच. कथेला आपोआप ठेका देणारं याहून चांगलं साधन शोधून सापडणार नाही.

आणखी एक सुचवावंसं वाटतं, मात्र निर्णय तुमचा. याच तीन पानांत आई नोटिशीचा लिफाफा तांदळाच्या डब्यात लपवते, कुणाला न सांगता सोनाराकडे जाऊन येते, आणि ट्रकची बॅटरी शेजाऱ्याला द्यायला नकार देते. तीन पानांत तीन निर्णय. कादंबरी बाबांची आहे असं तुम्ही म्हणता, पण चालवतेय आई. हे तपासायचा सोपा उपाय आहे. नोटीस येते तो प्रसंग दोनदा लिहा, एकदा आईच्या बाजूनं आणि एकदा मुलीच्या बाजूनं, प्रत्येकी ४०० शब्द. जो प्रसंग ४०० शब्दांत मावत नाही, वाढतच जातो, तिथे तुमचा निवेदक असण्याची शक्यता जास्त. मुलीला निवेदक केलंत तर एक नियम पाळावा लागेल: लिफाफा डब्यात आहे हे तिला कळेपर्यंत वाचकालाही कळता कामा नये. हा नियम नकळत मोडतो आणि मग वाचकाला नेमकं न सांगता येणारं काहीतरी खटकत राहतं.

गोषवाऱ्यात आणखी एक धोका दिसला. खाणींवरची २०१२ ची बंदी आणि २०१८ ची बंदी तुम्ही जवळजवळ सारखीच लिहायची ठरवलीय: ट्रक थांबतो, हप्ते थकतात, घरात भांडण. वास्तवात तसंच झालं असेल. कादंबरीत मात्र तोच प्रसंग पुन्हा आला की दुसऱ्या वेळी वाचक पानं चाळतो. दुसऱ्या वेळी घटना तीच ठेवा आणि माणसं बदललेली दाखवा. पहिल्या वेळी जो वाट पाहत बसला तो दुसऱ्या वेळी पहिल्याच आठवड्यात ट्रक विकायला निघेल. पहिल्या वेळी जिनं लपवलं ती दुसऱ्या वेळी नोटीस चारचौघांत वाचून दाखवेल. मधल्या सहा वर्षांनी या माणसांचं काय केलं ते या फरकातून दिसेल, वेगळं सांगावं लागणार नाही.

त्यासाठी भिंतीवर लावता येईल असा मोठा कागद घ्या आणि वर्षांचा तक्ता आखा. एका उभ्या रकान्यात बाहेरच्या घटना: सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणकाम स्थगित केलं, ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, एप्रिल २०१४ मध्ये ती अटींसह उठली आणि वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली, फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं खाणींच्या ८८ लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या. शेजारच्या रकान्यांत प्रत्येक पात्राचं त्या वर्षीचं वय, शिकत असेल तर इयत्ता, कर्जाची उरलेली रक्कम, घरातले जन्म-मृत्यू. वयाची बेरीज चुकणं ही पहिल्या कादंबरीत सर्रास आढळणारी चूक आहे. सातवीतली मुलगी पुढल्या वर्षी दहावीला बसलेली असते आणि छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

या तक्त्यात महिनेही घाला, ऋतूसकट, कारण तुमच्या तुळशीचा प्रसंग तिथेच अडखळतोय. बंदी सप्टेंबरात आली. तेव्हा पाऊस असतो, खनिजाची वाहतूक तशीही थांबलेली असते, पानं धुतलेलीच असतात. त्या महिन्यात आईला फरक कळणार नाही. फरक कळेल तो पाऊस सरल्यावर, दरवर्षी ट्रक पुन्हा धावू लागतात त्या दिवसांत, जेव्हा या वर्षी ते धावत नाहीत. म्हणजे प्रसंग नोव्हेंबरात जातो, आणि दोन महिने उशिरा आल्यानं जास्त लागतो. वर्तमानपत्रात बंदीची बातमी येऊन जुनी झालेली असते तेव्हा ती तुमच्या अंगणात पोचते. ऋतूचा हिशेब असा कथेला आयतं काहीतरी देऊन जातो.

माहिती गोळा करायला १५ दिवसांहून जास्त देऊ नका. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन त्या महिन्यांची स्थानिक वृत्तपत्रं चाळा, आणि बातम्यांपेक्षा जाहिराती, छोट्या सूचना, वाचकांची पत्रं जास्त लक्ष देऊन वाचा. ट्रकमालकांशी बोलताना ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलंत तर ठरलेलं उत्तर मिळेल. ‘शेवटची ट्रीप कुठल्या जेटीवर टाकली? परत आल्यावर ट्रक कुठे लावला? ताडपत्री कुणी काढली? चावी कुठे टांगली?’ असं विचारा. चावीच्या खिळ्यापासून बोलणं सुरू झालं की माणूस तासभर थांबत नाही. उरलेली माहिती लिहिताना लागेल तेव्हा बघू. तोवर मजकुरात तिथे रिकामा चौकोन काढून पुढे चला. ट्रकच्या टायरची किंमत शोधायला उठलात की सकाळ गेली.

आता सुचण्याबद्दल. कवितेची एखादी ओळ अचानक येते, कथेचा शेवटही कधी तसा येतो. कादंबरीला महिनोन्‌महिने लागतात, तेवढा काळ कुणाचीही स्फूर्ती टिकत नाही. कादंबरीकाराला सुचतं ते बहुतेक वेळा लिहिता लिहिता, आणि आधीच्या दिवशी लिहिलं असलं तर जास्त. हात रोज त्या घरात जात राहिला की मधल्या वेळात, भांडी घासताना किंवा बसमध्ये, पुढचं वाक्य येतं. आठ दिवस खंड पडला की पात्रं परकी होतात आणि ओळख पुन्हा करून घ्यायला दोन दिवस जातात. ‘सुचत नाही’ म्हणून न लिहिणाऱ्याला न लिहिल्यामुळेच सुचत नसतं.

हिशेब मांडू. तुमच्या वहीच्या पानावर साधारण १८० शब्द बसतात असं दिसतं, म्हणजे ८४ पानांत जेमतेम १५ हजार शब्द झाले. मराठीत मध्यम आकाराच्या कादंबरीला ६० ते ७० हजार शब्द लागतात. छापील पानावर ३०० शब्द धरले तर ती दोनशे ते सव्वादोनशे पानं भरते. तुम्हाला अजून ५० हजार शब्द लिहायचेत. पहाटे पोदेराचा हॉर्न ऐकू यायच्या आधीचा पाऊण तास तुमचा असतो असं तुम्ही लिहिलंय. पाऊण तासात २५० शब्द होतात, रेटून नाही, सावकाश. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १२५०, म्हणजे ४० आठवडे. वर्षातले १२ आठवडे शिल्लक राहतात: गणपतीची चवथ, होळीच्या दिवसांतला शिगमो, मार्चअखेरचे पतसंस्थेचे हिशेब, लग्नकार्यं, आजारपण. चवथीनंतर सुरू केलंत तर पुढच्या चवथीच्या आधी पहिला खर्डा पुरा होतो. रोज हजार शब्दांचा संकल्प करू नका. तो तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मग माणूस २५० शब्दसुद्धा लिहीत नाही.

अट एकच, आणि या पत्रातली सर्वांत महत्त्वाची: शेवटाला पोचेपर्यंत मागे जायचं नाही. पहिल्या दोन वह्या कापडात बांधून कपाटात ठेवा आणि चौथं प्रकरण नव्या वहीत सुरू करा. सकाळी बसल्यावर कालचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा. हरिभाऊ आपटे १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः लिहीत. अंक छापून वाचकांच्या हाती गेला की मागचं प्रकरण बदलायची सोय नसे, पुढचंच लिहावं लागे. ती सक्ती स्वतःवर घालून घ्या. मागचं बदलावंसं वाटलं तर लहान डायरी ठेवा आणि तिच्यात टिपा: ‘प्रकरण २, मामाला आधीच आणायला हवा.’ आणि मामा आधीच आलेला आहे असं धरून पुढे लिहा. पात्राचं नाव बदललं तर आजपासून नवं नाव, मागचं तसंच राहू दे. हे पान-पान विसंगत दिसेल. दिसू दे, पहिला खर्डा तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाही.

थांबायचं कुठे हेही ठरवून ठेवा. प्रसंग संपल्यावर थांबलात तर उद्या कोऱ्या पानासमोर बसाल. पुढचं वाक्य माहीत असतानाच पेन ठेवा आणि समासात लिहा, ‘उद्या: आई डब्याचं झाकण उघडते.’ उद्याची सुरुवात फुकट मिळते. खर्डा वाईट होतोय असं साधारण दहाव्या आठवड्यात वाटू लागेल आणि पंचविसाव्यात पुन्हा. डोक्यातली कादंबरी आणि कागदावरची यांतलं अंतर त्या सुमारास स्पष्ट दिसतं म्हणून तसं वाटतं. पुष्कळ चांगल्या कादंबऱ्या याच टप्प्यावर ट्रंकेत गेल्या आहेत. त्या दिवशी १०० शब्द लिहा, पण लिहा.

भाषेचा प्रश्न गोव्यात मराठीत लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो, आणि तो टाळता येत नाही. घरातलं सगळं जगणं कोंकणीत, शाळा मराठी किंवा इंग्रजी, देवळातलं कीर्तन मराठी, बँकेत हिंदी. ही अडचण समजू नका, तुमच्या हाती असलेलं फार सूक्ष्म साधन समजा. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं आणि कधी भाषा बदलतं यातून नातं दिसतं. बँकेच्या माणसाशी बोलताना बाबा हिंदीत शिरतात आणि राग आला की कोंकणीत परततात, एवढं दाखवलं तरी राग वेगळा लिहावा लागत नाही.

पर्याय तीन आहेत. सगळे संवाद प्रमाण मराठीत ठेवता येतील: ‘कुठे निघालास?’ ‘मला ठाऊक नाही.’ हे वाचायला सोपं, पण तुमच्या अंगणातली माणसं पुण्याची वाटू लागतील. संवाद कोंकणीत ठेवता येतील: ‘तूं खंय वता?’ ‘म्हाका खबर ना.’ हे जिवंत आहे, आणि इतकं जळगावच्या वाचकालाही संदर्भानं कळतं. तिसरा पर्याय म्हणजे अर्धं-अर्धं: ‘खंय निघालास?’ ‘म्हाका ठाऊक नाही.’ हा सर्वांत सोपा वाटतो आणि तो टाळा. असं कुणीच बोलत नाही, आणि गंभीर प्रसंगही नाटकातल्या विनोदी पात्रासारखा ऐकू येतो. आमचा कौल दुसऱ्या पर्यायाला, पण मापात. कोंकणी वाक्य पाच-सहा शब्दांचं ठेवा. लांबलचक बोलणं असेल तर सुरुवातीचं एक वाक्य कोंकणीत आणि बाकी निवेदनात घ्या: ‘मग ती सांगत बसली, कुणी किती उसने नेले आणि कुणी परत आणलेच नाहीत.’ बोलणारीचा जो ठसका आहे तो त्या पहिल्या वाक्यात येऊन जातो.

शब्दांचे अर्थ कंसात देऊ नका, प्रत्येक कंस वाचकाला घराबाहेर काढतो. अर्थ कृतीत ठेवा. ‘गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट काकांनी पुसून घेतली आणि कांगलां, आंबाडे, सुपारीचे कातरे एकेक करून बांधायला लागले. माटोळी भरायला दुपार झाली.’ माटोळी कधी न पाहिलेल्याला ती इथे दिसते आणि पुढे शंभर पानं तो शब्द मोकळेपणानं वापरता येतो. मात्र एका पानावर असे नवे शब्द दोन-तीनच आणा.

तुमच्या वाड्यावर जसं बोलतात तसंच लिहा आणि ‘कितें’ की ‘किदें’ हे एकदा ठरवून अखेरपर्यंत पाळा. अशा शब्दांची यादी वहीच्या मागल्या पानावर ठेवा. ती पुढे फार कामाला येईल. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे महाराष्ट्रातला मुद्रितशोधक तुमच्या ‘तूं’ आणि ‘हांव’वरचे अनुस्वार चूक समजून प्रामाणिकपणे खोडेल. हस्तलिखिताबरोबर एक पानाची सूचना जोडा: संवादांतली कोंकणी मुद्दाम ठेवली आहे, शब्दांची यादी सोबत आहे, बदल करू नयेत.

लोक ओळखतील ही भीती खरी आहे. पण पहिल्या खर्ड्यात तिचा विचार केलात तर प्रत्येक पात्र गुळगुळीत होईल. आधी खरं लिहा, बदल दुसऱ्या खर्ड्यात. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण लहान गावात माणूस नावापेक्षा तपशिलांनी ओळखला जातो: किती मुलं, कुठला धंदा, घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला. यांतले निदान तीन तपशील बदला. एका पात्रात दोन-तीन खऱ्या माणसांचे गुण मिसळा, आणि ज्याच्याकडून कथेला खलवृत्ती हवी आहे त्याचं वय किंवा नातं पार बदलून टाका. आडनाव निवडताना जपा. आपल्याकडे आडनावावरून गाव, कधीकधी वाडासुद्धा कळतो. नाईक किंवा गावकर यांसारखं अनेक तालुक्यांत आढळणारं आडनाव घ्या. गाव रचलेलं असू दे, पण ते डिचोली आणि मांडवी नदीच्या मध्ये कुठे आहे, देऊळ कुठे, जेटी किती दूर, याचा नकाशा काढून ठेवा. खाण कंपनी आणि बँकही रचलेलीच हवी. घरच्यांना मात्र छापायच्या आधी वाचायला द्या, विशेषतः आईला. परवानगी मागायची असं नाही, तिला पुस्तकातून पहिल्यांदा कळू नये म्हणून.

खर्डा संपला की निदान सहा आठवडे त्याला हात लावू नका. मग मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि दोन-तीन बैठकांत सलग वाचा, शब्द न सुधारता. समासात तीनच खुणा: कंटाळा आला तिथे रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, जीव लागला तिथे फुली. त्यानंतर प्रत्येक प्रसंगासाठी एक चिठ्ठी करा आणि तिच्यावर एकच वाक्य लिहा: या प्रसंगाआधी काय होतं आणि नंतर काय बदललं. बदल लिहिता आला नाही तर तो प्रसंग गाळा किंवा शेजारच्या प्रसंगात घाला. गाळताना गावाची सुंदर वर्णनं जातील आणि दुखेल. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवली की दुखणं कमी होतं. चिठ्ठ्या जमिनीवर पसरून क्रम लावा. पुष्कळदा तिसरं प्रकरण पहिलं व्हायला हवं होतं हे इथे कळतं. म्हणजे अकरा वेळा घासलेली तुमची सुरुवात कदाचित पूर्णच जाईल, आणि पहिला खर्डा संपण्याआधी ती घासत बसण्यात अर्थ नव्हता तो यासाठी. रचना बसल्यावरच भाषेकडे वळा. एकूण शब्द दहा टक्क्यांनी कमी करायचे असं ठरवून बसा, आणि संवाद मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली की वाक्य बदला.

टाइप युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलताना रफार सरकतो आणि जोडाक्षरं फुटतात, मग ते दुरुस्त करण्यात महिना जातो. फोनवर बोलून टाइप केलंत तर वेळ वाचेल, पण विरामचिन्हं पुष्कळदा येत नाहीत आणि कोंकणी वाक्यांच्या जागी भलतेच मराठी शब्द उमटतात. संवाद हातानंच टाइप करा. रोजची फाइल तारीख घालून स्वतःला ईमेल करा.

छापण्याबद्दल थोडक्यात, कारण ते वर्ष-दीड वर्षानंतरचं काम आहे. अपुरी कादंबरी प्रकाशकाकडे पाठवू नका. पुरी झाल्यावर दोन पानांचा गोषवारा, ज्यात शेवटही सांगितलेला आहे, आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. उत्तराला महिने लागतात. पैसे मागणाऱ्याला लगेच होकार देऊ नका. किती प्रती, कागद कुठला, वितरण कोण करणार आणि न विकलेल्या प्रतींचं काय, हे लेखी घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, त्याच्या नावाखाली कुणी रक्कम लावली तर विचारा. स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो कायमचा दुसऱ्याच्या नावे करणाऱ्या कागदावर सही करू नका.

येत्या सोमवारी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘प्रकरण ४’ लिहा. नोव्हेंबर २०१२, सकाळ. आई फडकं घेऊन वृंदावनापाशी उभी आहे, बाबा अजून उठलेले नाहीत, आणि ट्रक बघायला आलेला माणूस फाटकाची कडी वाजवतो. ती त्याला काय सांगते तिथून सुरू करा आणि २५० शब्द झाले की समासात उद्याचं वाक्य लिहून वही मिटा.